रंग न लावता शेकरू: लाकडाच्या रेघांतून भिंतीवरचं चित्र

भीमाशंकरच्या रानात सकाळी लवकर मान वर करून उभं राहिलं की कधीतरी शेकरू दिसतं. ते फांदीवर बसतं तेव्हा त्याची लांब झुपकेदार शेपटी खाली सरळ लोंबते. पाठ विटकरी-तपकिरी, पोट सायीच्या रंगाचं. मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं त्याच आठवड्यात सुतारकाम करणाऱ्या माझ्या मामांनी सागाची एक जुनी फळी रंध्याखाली घातली, आणि आतून तसलेच दोन रंग निघाले. गाभ्याचा सोनेरी तपकिरी आणि कडेचा फिकट. दोन्हींमधली सीमा बसलेल्या प्राण्याच्या कण्यासारखी हलकी वळलेली होती. मामा म्हणाले, "हा पांढरा भाग काढून टाकायचा असतो गं, त्याला कीड लागते." मी ती फळी तशीच मागून घेतली. माझं पहिलं शेकरू त्यातून झालं.

हा लेख ज्यांनी अजून करवतही धरलेली नाही त्यांच्यासाठी आहे. वेगवेगळ्या रंगांची लाकडं आकारात कापायची, घासून गोलाई द्यायची, शेजारी शेजारी बसवून एक प्राणी घडवायचा आणि रंगाचा ब्रश कुठेही लावायचा नाही, असं हे काम. युरोपात याला इंटार्सिया म्हणतात. इटलीतल्या उर्बिनोच्या राजवाड्यात फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो या ड्यूकची एक छोटी अभ्यासिका आहे. १४७०च्या दशकात तिच्या भिंती लाकडाच्या तुकड्यांच्या चित्रांनी मढवल्या गेल्या, आणि त्यात फळांच्या करंडीजवळ बसलेली एक खार आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी कुणाला तरी लाकडात खार दिसली होती, याचा मला फार आनंद होतो. आपल्याकडे म्हैसूरचं जडावकाम प्रसिद्ध आहे, पण त्यात शिसवीच्या फळीत खाच कोरून तुकडे आत बसवतात. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी आणि फळं लाकडाचीच, पण त्यांचं रूप रंगात आहे. आपल्या कामात रंग आणि रेघ दोन्ही लाकडाचेच राहतात.

आधी फळी, मग प्राणी

नवखे लोक नेमकं उलट करतात. मोबाईलवर वाघाचं किंवा बिबट्याचं चित्र शोधतात आणि मग त्याला शोभेल असं लाकूड हुडकत फिरतात. बिबट्याचे ठिपके आपल्याकडे सहज मिळणाऱ्या लाकडांत नसतात. ते जाळून किंवा रंगवून काढावे लागतात, आणि मग रेघांचं कामच उरत नाही. फळी समोर ठेवा, ओल्या फडक्याने पुसा म्हणजे पॉलिश केल्यावर ती कशी दिसेल ते क्षणभर कळेल, आणि रेघा कुठे चालल्या आहेत ते बघा.

या रेघा येतात कुठून ते थोडं समजून घ्या, म्हणजे निवड सोपी होते. साग उन्हाळ्यात पानं गाळतो आणि पावसाच्या सुमारास पुन्हा फुटतो. वाढीच्या सुरुवातीला त्याच्या लाकडात मोठी छिद्रं तयार होतात, नंतरचं लाकूड दाट होतं, म्हणून दर वर्षाचं कडं ठळक दिसतं. ओंडका मधोमध, गाभ्यातून चिरला तर फळीवर सरळ समांतर रेघा येतात. कडेने चिरला तर एकात एक बसलेल्या कमानी येतात. सरळ रेघा केसांसाठी उत्तम, कमानी मांडी किंवा खांद्यासारख्या गोल भागासाठी. आंब्याच्या लाकडात कडी तितकी स्पष्ट नसतात, पण करडे-तपकिरी पट्टे असतात आणि ते झाडाच्या फांदीसाठी छान दिसतात.

गाठ दिसली की तिचा डोळा करावा असा मोह प्रत्येकाला होतो. घुबडाला तो शोभतो, कारण त्याचा डोळा मोठा आणि भोवती वर्तुळं असलेला. पण गाठ कठीण असते, करवतीचं पातं तिथे अडतं, आणि काळी सुटी गाठ वाळल्यावर निखळून पडते. बोटाने दाबून हलली तर तो भाग सोडून द्या.

पहिल्या कामासाठी मी शेकरूच सुचवते. तो आपला राज्यप्राणी आहे हे एक कारण, पण खरं कारण त्याच्या अंगावर दोनच मुख्य रंग आहेत आणि आकार वाहता आहे. भेकर किंवा साधा मासाही चालेल. गवा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या. त्याच्या पायातले पांढरे मोजे शिवण या झाडाच्या फिकट लाकडात फार सुंदर येतात, पण शिंगांचं वळण हाताला सवय झाल्याशिवाय जमत नाही. खवले मांजराचा विचार वर्षभराने करा.

लाकूड कुठून आणायचं

पूर्ण फळी विकत घेऊ नका. फर्निचरच्या कारखान्यात आणि वखारीत कापून उरलेले तुकडे जळणाच्या भावात जातात, त्यातलं टोपलीभर मागा. जुन्या दारं-खिडक्यांच्या दुकानांतला साग सर्वांत चांगला, कारण तो कित्येक वर्षं वाळलेला असतो. एकच काळजी घ्या: त्यावरून आधी चुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा असला तर पातं जातं. जुन्या दारावर रंगाचे थर असतील तर ते कोरडे घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. असे तुकडे मी घेतच नाही.

पॅलेट छोटं ठेवा. तपकिरीसाठी साग. गडदसाठी शिसव, जांभळट छटेची, फार देखणी. पण ती मोडक्या खुर्चीतली किंवा पलंगातली मिळवा. तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत आणि नवी घेतलीच तर पावती हवी. तांबूस छटेसाठी बाभूळ, कठीण पण पॉलिशला छान. फिकटसाठी शिवण किंवा सागाचाच बाहेरचा भाग. फणस आणि हळदू पाहून नव्या माणसाचं मन हरखतं, कारण ताजे कापलेले ते हळदीसारखे पिवळे असतात. पण उजेड लागला की पिवळेपणा तपकिरीकडे झुकतो. हळद्या पक्षी करायचा म्हणून फणस वापराल तर काही महिन्यांत पक्ष्याचा रंग बदलेल. रानातून मात्र काही उचलून आणू नका, लाकूड नाही आणि सजावटीला शिंग, नख किंवा सुळाही नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याबाबत कडक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: लाकूड वाळलेलं हवं. माझं दुसरं शेकरू मी ओलसर बाभळीत केलं होतं. जूनमध्ये पूर्ण झालं आणि पुढच्या मार्चमध्ये मांडीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. तुकड्यावर पेन्सिलीने आजचं वजन आणि तारीख लिहा, ज्या खोलीत काम करणार तिथेच हवेशीर ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही की लाकूड त्या खोलीच्या हवेला रुळलं. पावसाळ्यात हे मोजमाप फसवं असतं. लाकूड दिवाळीनंतर वाळवायला घ्या आणि उन्हाळा उतरायच्या आत काम पुरं करा.

सागाच्या पांढऱ्या भागाबद्दल मामांचं म्हणणं खरंच होतं. त्यात बारीक भोकं किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर तो तुकडा घरात ठेवू नका. स्वच्छ असेल तर वापरा, आणि शेवटी वरून आणि कडांनी पॉलिशने बंद करा.

सगळे तुकडे सुताराकडून रंध्याने १५ मिलिमीटर जाडीचे करून घ्या. एवढी जाडी हाताच्या करवतीला झेपते आणि गोलाई द्यायलाही पुरते.

चित्र आणि बाण

शेकरू फांदीवर आडवं बसलेलं, शेपटी खाली सोडलेली, असं बाजूने काढा. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत साधारण ३० सेंटिमीटर, आणि शेपटी त्याहून थोडी लांब. खऱ्या शेकरूचंही तसंच असतं. चित्रकला येत नसेल तर स्वतः काढलेला फोटो खिडकीच्या काचेवर धरून बाह्यरेषा गिरवा. पहिल्या वेळी आठ तुकडे पुरे: डोकं, कान, धड, पुढचा पाय, मागची मांडी, शेपटी, शेपटीचं टोक आणि फांदी. बोटं, नखं, मिशा सोडून द्या.

आता प्रत्येक तुकड्यावर एक बाण काढा. हा बाण म्हणजे त्या जागी प्राण्याचे केस कुठे झोपले आहेत ती दिशा, आणि लाकडाची रेघ त्याच दिशेने जायला हवी. डोक्यावर नाकाकडून कानाकडे. धडावर खांद्याकडून शेपटीकडे. मांडीवर वरून खाली, गुडघ्याकडे वळत. शेपटीत तिच्या लांबीने. हे बाण बरोबर असतील तर कापणीत थोडी चूक झाली तरी प्राणी जिवंत दिसतो. ते चुकले, धडाच्या रेघा उभ्या गेल्या, तर कितीही सफाईने कापा, समोर फळीच दिसत राहते. मी माझ्या सगळ्या कामांत जास्तीत जास्त वेळ इथेच घालवते. कधीकधी अख्खी संध्याकाळ नुसती कागदी आकार फळीवर सरकवण्यात जाते.

धड कापताना फळीची ती दोन रंगांची सीमा वापरा: तपकिरी भाग पाठीकडे, फिकट भाग पोटाकडे. पाठ आणि पोट एकाच तुकड्यात मिळतात, सांधा लागत नाही, आणि एका रंगातून दुसऱ्यात जाणं अगदी नैसर्गिक दिसतं. शेपटीचं फिकट टोक मात्र असं मिळणार नाही, कारण ही सीमा नेहमी रेघेच्या बरोबरीने धावते, आडवी जात नाही. त्यासाठी वेगळा फिकट तुकडा घ्या आणि त्याची रेघ शेपटीच्या रेघेला मिळवून लावा.

चित्राच्या तीन प्रती काढा. एक कापून आकार वेगळे करायला, एक तुकडे मांडून बघायला, एक तशीच ठेवायला. फळीवर आधी मास्किंग टेप लावा आणि कागद टेपवर चिकटवा, म्हणजे नंतर सगळं एका झटक्यात निघतं.

कापणी

यंत्राची गरज नाही. कोपिंग सॉ (वळणं कापायची बारीक पात्याची हातकरवत), भरपूर पाती, एक बारीक गोल कानस, एक अर्धगोल कानस, दोन शिकंजे (क्लॅम्प) आणि हाताचं ड्रिल एवढ्यावर सुरुवात होते. पातं लावताना दात मुठीकडे ठेवा, म्हणजे खेचताना कापलं जातं आणि पातं ताठ राहतं. टेबलाच्या कडेला एक फळी शिकंज्याने आवळा, तिचा एक हात बाहेर काढा आणि त्या हाताला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडा. तुकडा या खाचेवर ठेवून कापला की दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. माझ्या मते नवख्यांच्या निम्म्या अडचणी या खाचेने सुटतात.

हात उभाच ठेवा. करवत तिरपी झाली तर तुकडा वर बसतो आणि खाली फट राहते. वळणावर जोर वाढवू नका, उलट कमी करा. पातं जागच्या जागी वरखाली करत तुकडा हळूहळू फिरवा. रेघेच्या अगदी बाहेरून, केसभर जागा सोडून कापा.

आणि सगळे तुकडे एकदम कापून टाकू नका. आधी धड कापा, त्याची कड कानशीने सारखी करा. मग ते मांडीच्या लाकडावर ठेवून त्याची प्रत्यक्ष कड टोकदार पेन्सिलीने गिरवा आणि मांडी त्या रेघेवर कापा. कागदावरची रेघ काहीही म्हणो, शेजाऱ्याची कड हीच खरी. असं एकेक करत शेपटीपर्यंत गेलात तर फटी आपोआप कमी होतात. दोन तुकडे उजेडासमोर एकत्र धरा, जिथे उजेड दिसत नाही तिथे ते एकमेकांना टेकलेले आहेत, तेवढीच जागा कानशीने घासा, पुन्हा धरा. अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी गोलाई दिल्यावर ती सावलीत जाते.

डोळ्यासाठी शिसवीची बारीक गोल काडी करून घ्या, ६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि काडी अलगद ठोकून बसवा. थोडी बाहेर राहू द्या, म्हणजे तिच्यावर उजेडाचा ठिपका पडतो.

गोलाई

इथे फळीचा प्राणी होतो. मागची मांडी सर्वांत पुढे आहे, म्हणून तिच्याखाली ३ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा ठेवून ती उचला. पोटाची कड आणि शेपटी खाली उतरवा. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला जिथे भेटतो तिथे दोघांची उंची पेन्सिलीने खूण करा, नाहीतर घासण्याच्या भरात एक जास्त खाली जातो.

आधी कानस, मग पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० नंबरचा, याच क्रमाने. मधला नंबर गाळला तर आधीच्या नंबरचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. नेहमी रेघेच्या दिशेने घासा. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील. वाळल्यावर तोच पेपर हलक्या हाताने पुन्हा फिरवा.

मास्क लावाच, साधा कापडी नको, एन-९५. लाकडाच्या धुळीमुळे कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये स्पष्ट नोंदवलं आहे, आणि साग-शिसवीच्या धुळीने अनेकांना त्वचेवर पुरळ येतं. गॅलरीत घासा, खोलीत नको. घरात लहान मूल असेल तर हे आणखी कसोशीने पाळा.

पॉलिश, मग चिकटवणं

क्रम हाच ठेवा. आधी चिकटवलं तर बाहेर आलेला फेविकॉल लाकडात मुरतो आणि तिथे तेल लागत नाही, पांढरे डाग राहतात. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या बाजूला आणि कडांना पॉलिश करा, मागची बाजू कोरी ठेवा.

तपकिरी आणि गडद तुकड्यांना लवकर वाळणारं, बॉइल्ड म्हणून मिळणारं जवसाचं तेल. पातळ थर द्या, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन थर पुरेत. फिकट तुकड्यांना तेल लावू नका, ते पिवळे पडतात आणि पाठ-पोटातला फरक बोथट होतो. त्यांना स्पिरिटमध्ये विरघळवलेली फिकट चपडी (शुद्ध केलेली लाख) किंवा पाण्यात मिसळणारं पारदर्शक लॅकर लावा. धड एकाच तुकड्यात दोन रंगांचं असल्याने त्याला सगळीकडे चपडीच. आधी उरलेल्या तुकड्यांवर करून बघा, मगच शेकरूला हात लावा.

तेलाने भिजलेल्या फडक्यांबद्दल हे नीट ध्यानात ठेवा. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगाळून कोपऱ्यात टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काम झालं की फडकी दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. कचऱ्याच्या डब्यात कधीही नाही.

पाठीमागे ६ मिलिमीटरचा प्लाय घ्या. सगळे तुकडे मांडून बाह्यरेषा प्लायवर गिरवा आणि ३ मिलिमीटर आतून कापा, म्हणजे तो समोरून दिसत नाही. त्याची कड काळी करा. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे चिकटवण्यापूर्वी मागची बाजू ताजी घासा आणि स्पिरिटने पुसा. मोठ्या तुकड्यांच्या सबंध पाठीला गोंद फासू नका. लाकूड रेघेच्या आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि प्लाय जवळजवळ हलत नाही. मध्यभागी एक रुंद पट्टा आणि कडेला दोन-चार ठिपके एवढंच. रात्रभर वर पुस्तकांचं वजन ठेवा, मध्ये मऊ कापड घालून.

भिंतीवर

एवढं शेकरू फांदीसकट किलोच्या आसपास भरतं. एक स्क्रू पुरतो, पण मी दोन लावते म्हणजे ते तिरकं होत नाही. भिंतीत भोक पाडून गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारं बूच) ठोका, स्क्रू थोडा बाहेर ठेवा, प्लायच्या मागे कड्या बसवा. प्लायच्या चार कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे गट्टू चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंती घाम सोडतात, तिथे हे गट्टू नसतील तर मागे बुरशी धरते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा, थेट ऊन पडणारीही टाळा.

उजेड बाजूने पडेल अशी जागा शोधा. समोरून दिवा असेल तर गोलाई सपाट दिसते. खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर सकाळी मांडीची सावली पोटावर पडते, शेपटीची रेघ न् रेघ उठून दिसते, आणि दुपारपर्यंत सावली सरकत जाते.

दर वर्षी नवरात्राच्या सुमारास, पाऊस संपल्यावर, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा आणि मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या. तेव्हाच मागची बाजू बघून घ्या. कुठे भुकटी पडलेली दिसली तर शेकरू लगेच उतरवून इतर लाकडी सामानापासून दूर ठेवा.

दुसऱ्या शेकरूला शेपटी वेगळी करून बघा. जाड तुकडा जाडीतून दोन पातळ फळ्यांत चिरा आणि पुस्तकासारखा उघडा. दोन्ही पानांवर रेघा आरशातल्यासारख्या उलट-सुलट मिळतील. त्या मधल्या सांध्यापासून तिरप्या बाहेर जातील अशा लावल्या की शेपटीचे केस दोन्हीकडे पसरलेले दिसतात, जसे ते खरोखर असतात. चिरण्यासाठी मात्र सुताराच्या बँड सॉवर जावं लागेल, आणि तुकडा निदान ४० मिलिमीटर जाड हवा, म्हणजे चिरून, रंधा मारून दोन्ही पानं १५ची उरतील.